तंबूतला उन्हाळी मुक्काम आणि कुटुंबाची सुरक्षितता

मीरा-भाईंदर हे शहर उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्रकिनारा आणि आग्नेयेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर यांच्यामध्ये वसलेले आहे. २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांचा टप्पा ओलांडलेल्या या शहरात बहुतेक कुटुंबे लहान सदनिकांत राहतात, त्यामुळे शाळांना सुटी लागली की मुलांना एखादी रात्र उघड्या आभाळाखाली घालवता यावी, ही पालकांची इच्छा समजण्यासारखी आहे. उन्हाळी सुटी म्हणजे गावी जाणे, ही रीत अजून मोडलेली नाही. परंतु ज्यांचे गावचे घर आता राहिलेले नाही किंवा ज्यांना दोनच दिवसांची रजा मिळते, अशा कुटुंबांनी तंबूचा मुक्काम आपलासा केला आहे. उत्तन, गोराई, मनोरीचा हाकेच्या अंतरावरचा किनारा, अलिबागजवळचे किहीम, नागाव व रेवदंडा, मावळातील पवना धरणाचा जलाशय, कर्जत परिसरातील नदीकाठ आणि मेच्या अखेरीस काजवे पाहण्यासाठी भंडारदरा, अशी या मुक्कामांची ठिकाणे ठरून गेली आहेत.

निघण्यापूर्वी घरात चर्चा होते ती बहुधा बिबट्याची आणि सापाची. ही भीती अगदीच निराधार नाही, पण ती मन इतके व्यापून टाकते की ज्या गोष्टींमुळे कुटुंबांवर खरोखर घाला पडतो त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. गुडघाभर वाटणारे पाणी, दुपारचा दमट उकाडा, तंबूत आणून ठेवलेली निखाऱ्यांची शेगडी आणि जमिनीवर अंथरलेली सतरंजी यांपैकी कशाचीच लहानांना वा मोठ्यांना भीती वाटत नाही, आणि हेच त्यांच्या घातकपणाचे मूळ आहे. शिवाय हे धोके ऋतू, तिथी आणि जागा यांच्याशी बांधलेले असल्याने त्यांतील बरेचसे घरातून निघण्यापूर्वीच ओळखता येतात.

समुद्रापासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण शहराला सर्वांत जवळचा मुक्काम तोच आहे. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राची पातळी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते, आणि प्रत्येक दिवशी ही वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे चंद्र-सूर्यांचे आकर्षण एकाच रेषेत येऊन भरती फार वर चढते व ओहोटी फार खाली जाते, ज्याला किनाऱ्यावरचे लोक उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार सर्वांत कमी असतो, त्याला कोळी बांधव भांग म्हणतात. मुंबई परिसरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतील उंचीचा फरक चार मीटरांहूनही अधिक, म्हणजे एका मजल्याहून जास्त असू शकतो. उतार मंद असलेल्या वाळूच्या किनाऱ्यावर याचा अर्थ असा होतो, की ओहोटीच्या वेळी जेथे पाण्याची रेषा शेकडो पावले दूर दिसते, तेथे सहा तासांनंतर उभे राहायलाही कोरडी जागा उरत नाही.

यातली एक गोष्ट मीरा-भाईंदरच्या कुटुंबांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. या किनाऱ्यावर उधाणाची भरती साधारणपणे दुपारी आणि मध्यरात्री बारा-एकच्या सुमारास येते, तर ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास असते. चांदण्यात समुद्र पाहावा म्हणून पौर्णिमेला लागून आलेला शनिवार निवडणारे कुटुंब संध्याकाळी किनाऱ्यावर पोहोचते, तेव्हा त्याला किनारा सर्वांत रुंद दिसतो, सपाट ओलसर वाळू तंबू ठोकायला सोयीची वाटते, आणि मुले झोपी गेल्यानंतर मध्यरात्री पाणी तेथवर येऊन पोहोचते. तंबूची जागा ठरवण्यासाठी पाण्याकडे न पाहता वाळूकडे पाहणे हाच यावरचा उपाय होय. मागील भरतींनी किनाऱ्यावर काटक्या, शिंपले, शेवाळ आणि दुर्दैवाने प्लॅस्टिकच्या बाटल्या यांच्या रेघा सोडलेल्या असतात. त्यांतली सर्वांत वरची रेघ शोधून तिच्याही बऱ्याच वर, सुरूच्या झाडांच्या बाजूला असलेल्या भुसभुशीत कोरड्या वाळूत तंबू लावावा. भरतीच्या वेळा पंचांगातील तिथीवरून अंदाजाने आणि भरतीच्या तक्त्यावरून नेमक्या कळतात, पण त्या दिवशीचा वारा व लाटांचा जोर उत्तनच्या किंवा मनोरीच्या एखाद्या वयस्क कोळ्याला विचारावा, कारण ज्याची होडी त्या पाण्यावर अवलंबून असते त्याचे निरीक्षण कोणत्याही तक्त्यापेक्षा ताजे असते.

भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही ठाऊक असावे. पहिल्या तासात ते जेमतेम सरकते, मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या जवळपास निम्मा चढ होतो आणि शेवटी वेग पुन्हा मंदावतो. ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर खेकडे आणि शंख पाहायला गेलेली मुले याच मधल्या तासांत अडकतात. पाणी समोरून येईल अशा समजुतीने ती समुद्राकडे लक्ष ठेवतात आणि ते मात्र मागच्या सखल पन्हळीतून भरत येते. उतरत्या पाण्याचाही तेवढाच धाक हवा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे सहलीस आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी समुद्रात बुडून मरण पावले; तरुण, धडधाकट आणि मोठ्या समूहात असलेल्या मुलांवर जे ओढवले, ते पाच-सहा वर्षांच्या मुलावर ओढवायला किती थोडे पाणी पुरेल याची कल्पना प्रत्येक पालकाने करावी. किनाऱ्यावर आदळलेले लाटांचे पाणी परत जाताना कधीकधी एका अरुंद पट्ट्यात एकवटून वेगाने आत ओढते, त्याला रिप करंट असे नाव आहे. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच जो पट्टा शांत व गढूळ दिसतो, तोच बहुधा हा प्रवाह असतो, आणि लाटा नाहीत म्हणून पालक मुलांना नेमके तेथेच उतरवतात. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून झुंजण्यात दम घालवू नये; किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडून मग परतावे.

धरणाच्या जलाशयाचे पाणी स्थिर असल्याने ते निर्धोक वाटते, परंतु उन्हाळ्यात त्याची घडण फसवी असते. पवना धरणाच्या मागे, लोहगड, तिकोना आणि तुंग या किल्ल्यांच्या पायथ्याशी पसरलेल्या जलाशयाखाली पूर्वीची शेते, बांध, ओढ्यांची पात्रे आणि नदीचा मूळ काठ आहे. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की कोरड्या वाटणाऱ्या काठापुढे मऊ गाळाचा थर उघडा पडतो, आणि कमरेइतक्या पाण्यात चालणाऱ्या माणसाचा पाय जुन्या बांधावरून एकदम खोल जातो. पोहता येणारी माणसेही अशा जागी बुडतात, कारण गाळात रुतलेला पाय सोडवताना त्यांचा श्वास संपतो. वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येणाऱ्या अशा बातम्यांत एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो: एक मूल बुडू लागते, त्याला वाचवायला आई किंवा मावशी उतरते, तिच्यामागे आणखी कोणी, आणि एकाच घरातील तिघे-चौघे जातात. हा क्रम तोडायचा असेल तर काठावर मदतीचे साधन आधीच तयार हवे. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन आणि त्याच्या मुठीला बांधलेली पंधरा-वीस मीटर दोरी एवढे साहित्य कोणत्याही घरात असते. तो कॅन बुडणाऱ्याच्या पुढ्यात फेकला तर त्याला धरून तरंगता येते आणि वाचवणाऱ्याला पाण्यात उतरावे लागत नाही. दोरी नसेल तर साडी, ओढणी किंवा लांब काठी पुढे करावी, तीही काठावर पालथे पडून, म्हणजे ओढ लागून वाचवणारा आत पडत नाही.

बुडणारे मूल ओरडत नाही, ही बाब आईवडिलांना सहसा ठाऊक नसते. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना श्वास घेण्यातच त्याची शक्ती जाते, हात हलवून बोलावणे त्याला जमत नाही आणि काही क्षणांत सारे शांतपणे घडून जाते. म्हणून दहा माणसांच्या गोतावळ्यात सर्वांचेच लक्ष आहे असे समजण्यापेक्षा एका वेळी एकाच मोठ्या माणसाने पहारा करावा, हातात मोबाईल धरू नये, मद्य घेतलेले नसावे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी दुसऱ्याच्या नावाने ती पाळी सोपवावी. बाहेर काढलेल्या व्यक्तीचा श्वास थांबला असेल तर पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्याची जुनी पद्धत वेळ वाया घालवते; तोंडाने श्वास देणे आणि छातीच्या मध्यभागी जोराने व जलद दाब देणे तत्काळ सुरू करून दुसऱ्या कोणी १०८ वर रुग्णवाहिका बोलावावी. ही कृती शिकण्यासाठी काही तासांचे प्रशिक्षण पुरते आणि घरातील निदान दोघांनी ते घेतलेले असावे.

उष्णतेच्या बाबतीत किनारपट्टीवरील लोकांची एक गैरसमजूत असते, की उष्माघात हा विदर्भ-मराठवाड्याचा प्रश्न आहे. भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर गेल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, तर किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंश आहे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले, तेही समुद्रापासून फार दूर नसलेल्या जागी. तंबूचे कापड ऊन अडवते असे वाटते, पण बंद तंबूत सकाळी नऊनंतर हवा बाहेरच्यापेक्षा जास्त तापते. त्यात दुपारी तान्ह्या बाळाला झोपवणे किंवा आजी-आजोबांना विश्रांतीसाठी बसवणे धोक्याचे आहे. बंद मोटारीत मुलाला पाच मिनिटांसाठीही ठेवू नये. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे आणि भरपूर घाम ही शरीर थकल्याची खूण असते आणि सावली, पाणी व मीठ-साखरेने ती आवरता येते. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी रुग्णालयाकडे धावण्याआधीच कपडे सैल करून अंगावर पाणी ओतणे, वारा घालणे आणि काखेत व जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवणे सुरू करावे, कारण शरीर किती वेळ तापलेले राहिले यावरच पुढचे नुकसान ठरते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. जलसंजीवनीची पाकिटे जवळ नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण चालते. यातला चमचा चहाचा असावा, पोहे खाण्याचा नव्हे.

रात्री तंबूपुढे शेकोटी पेटते आणि तिच्याभोवतीच मुक्कामाची सारी मौज असते. तिचा सर्वांत मोठा धोका मात्र ज्वाळा संपल्यानंतर सुरू होतो. घाटमाथ्यावर मेमध्येही पहाटे गारवा जाणवतो आणि मग उरलेले निखारे घमेल्यात किंवा बार्बेक्यूच्या शेगडीत भरून तंबूत घेतले जातात. कोळसा अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साईड हा वायू बाहेर पडतो, ज्याला रंग नाही, वास नाही आणि ज्याने डोळ्यांना चुरचुरही होत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य, या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर आतून गुदमरते. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमन येथे सहलीस गेलेल्या केरळच्या दोन कुटुंबांतील आठ जणांचा, त्यांत चार मुलांचा, एका खोलीत गॅसचा हीटर लावून झोपल्याने मृत्यू झाला. दारे-खिडक्या आतून बंद होत्या. तंबू तर खोलीपेक्षाही लहान असतो. शेगडी, गॅसचा छोटा स्टोव्ह, कंदील यांपैकी काहीही तंबूच्या आत किंवा त्याच्या पुढच्या पडवीतही पेटवू नये. थंडी वाजली तर जास्तीचे पांघरूण घ्यावे. एकाच तंबूतील दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी व मळमळ सुरू झाली, तर तो जेवणाचा दोष समजून गोळी देण्यापूर्वी सर्वांना मोकळ्या हवेत आणावे.

समुद्रकिनाऱ्यावर शेकोटी विझवण्याची रीत म्हणून तिच्यावर वाळू लोटली जाते, आणि हा प्रकार अत्यंत निंद्य आहे. वाळूखाली निखारे विझत नाहीत, उलट त्यांची धग टिकून राहते, वरून मात्र जागा नेहमीच्या वाळूसारखी दिसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अनवाणी धावणाऱ्या मुलाचे तळवे होरपळतात. ते मूल त्याच कुटुंबातले असेलच असे नाही. निखाऱ्यांवर पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओतून आणि हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब जाणवत नाही याची खात्री करूनच झोपावे. डोंगरात फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते व वणवा पेटतो. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, आणि घोडबंदर किंवा येऊरच्या बाजूने संजय गांधी उद्यानात चोरवाटेने शिरून मुक्काम करणेही कायद्याने निषिद्ध आहे.

जमिनीवर झोपण्याशी निगडित असलेल्या धोक्यांचा विचार सविस्तर करायला हवा, कारण येथे महाराष्ट्राने स्वतः मिळवलेले ज्ञान हाताशी आहे. राज्यात माणसाला धोकादायक ठरणारे प्रमुख विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांपैकी मण्यार हा निशाचर असून तंबूत किंवा जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी तोच सर्वाधिक चिंतेचा आहे. काळ्या-निळसर अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप उंदीर-पाली किंवा दुसरे लहान साप शोधत फिरताना अंथरुणाजवळ येतो, झोपेतील माणसाचा हात त्याच्यावर पडतो आणि तो चावतो. पण त्याच्या दंशाने ना सूज येते ना आग होते, खूणही धडपणे दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, आणि घरचे लोक रात्रीच्या तळणाला दोष देतात. थोड्या वेळाने पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, आवाज अस्पष्ट होतो आणि शेवटी श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. बाहेर झोपलेल्या माणसाला सकाळी कारण नसताना पोटदुखी आणि डोळे उघडे ठेवता न येणे ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर दंशाची खूण शोधत न बसता श्वासयंत्राची सोय असलेले रुग्णालय गाठावे. दंश झालेला अवयव हाड मोडल्यावर बांधतात तसा फळी लावून स्थिर ठेवावा. दोरीने आवळणे, कापून रक्त काढणे, तोंडाने विष ओढणे आणि मांत्रिकाकडे नेणे यांनी नुकसानच होते. या चारही सापांवर एकच एकत्रित प्रतिविष चालते, त्यामुळे साप ओळखण्यासाठी त्याला पकडण्याचा किंवा मारण्याचा खटाटोप अनावश्यक आहे.

विंचवाविषयी तर कोकणाने जगाला धडा घालून दिला आहे. येथील लाल विंचू दिसायला काळ्या मोठ्या इंगळीपेक्षा किरकोळ असतो, पण त्याच्या विषाने हृदयावर आघात होतो. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयात दंश झालेल्यांच्या उशाशी रात्री काढून या विषाचा शरीरातील प्रवास नोंदवला, आणि प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या, स्वस्त औषधाने रुग्ण वाचू शकतात हे दाखवून दिले. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी फार मोठा वाटा दगावत असे. प्राझोसिननंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, परंतु सामान्य कुटुंबांच्या उपयोगाचे त्यांचे सांगणे अजूनही पुरेसे पोहोचलेले नाही. विंचू चावल्यावर केवळ वेदना असतील तर धोका कमी असतो. वेदनेबरोबर अंगावरून घामाच्या धारा लागल्या, हातपाय गार पडले आणि उलट्या झाल्या तर विष हृदयाकडे वळले असे समजावे, विशेषतः रुग्ण लहान मूल असेल तेव्हा, आणि एक तासही न दवडता डॉक्टरांकडे न्यावे. हे औषध किती व केव्हा द्यायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

पावसाळ्याच्या तोंडावरचे कडक उन्हाळ्याचे दिवस हे विंचवाच्या वर्दळीचे दिवस असल्याने तंबूतील शिस्तही त्याप्रमाणे हवी. तंबूला शिवलेला तळ असावा आणि त्याची चेन दिवसाही बंद असावी, कारण रात्री आत सापडणारा जीव बहुधा संध्याकाळी उघड्या दारातून आलेला असतो. दगडांचा ढीग, लाकडांची मोळी, जुनी भिंत आणि पेंढा यांपासून तंबू लांब ठोकावा. बूट आत ठेवावेत आणि तरीही सकाळी ते उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालू नये. टॉवेल, मुलांची टोपी, बाळाचे दुपटे यांनाही हाच नियम लागू आहे. रात्री लघवीला उठताना बॅटरीचा झोत पुढच्या पावलावर ठेवावा, समोरच्या झाडांवर नव्हे.

बिबट्याविषयी थोडक्यात एवढे सांगता येईल. संजय गांधी उद्यानाच्या भोवती शहर वाढत गेल्याने बिबटे आणि माणसे शेजारी झाली, २००४ च्या सुमारास हल्ल्यांचा भीषण काळ येऊन गेला, आणि २०११ मध्ये वनविभागाने नागरिक व अभ्यासकांबरोबर ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केल्यानंतर या सहवासाची रीत लोकांना कळू लागली. उघड्यावर टाकलेल्या खरकट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून मुक्कामाच्या जागी उष्टे-खरकटे झाकणाच्या डब्यात भरून परत आणावे, अंधार पडल्यावर मुलांना एकटे झाडीकडे पाठवू नये, आणि बिबट्या दिसल्यास न पळता, न वाकता, मुलांना उचलून घेऊन सावकाश मागे सरावे. वनविभागाची मदत १९२६ या क्रमांकावर मिळते.

आभाळाकडे लक्ष ठेवण्याची गरज मे महिन्यात वाढते, कारण काजव्यांचा हंगाम आणि वळवाच्या विजांचा हंगाम एकच असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर अंतर धरावे. चमक आणि गडगडाट यांमधला वेळ तीस सेकंदांहून कमी झाला तर मोकळे मैदान, जलाशयाचा काठ आणि एकाकी झाड सोडून पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. तंबू विजेपासून कोणतेही संरक्षण देत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे ॲप परिसरातील विजांची पूर्वसूचना मोबाईलवर देते, मात्र त्याला रेंज लागते. माडाच्या बागेत तंबू लावणाऱ्यांनी वर पाहूनच जागा निवडावी, कारण वाऱ्यात सुटलेली झावळी किंवा नारळ कापडाला जुमानत नाही. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते ही दोन्ही चक्रीवादळे मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यादरम्यानच कोकण किनाऱ्याला झोडपून गेली होती. या दिवसांत मच्छीमार होड्या वर ओढू लागले असतील तर सहलीचे पैसे बुडाले तरी बेत मोडावा.

आग्या मोहोळ कड्यावर किंवा उंच झाडावर लोंबत असेल तेथे शेकोटी, फटाके आणि उग्र अत्तर टाळावे. माश्या उठल्याच तर तोंड झाकून दूर पळावे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात जाणाऱ्यांनी गोचिडांपासून होणाऱ्या माकडतापाची माहिती स्थानिक आरोग्य केंद्रातून घ्यावी, कारण २०१६ पासून तेथे या आजाराचे रुग्ण आढळले आहेत.

राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा उपक्रमांच्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची अट घातली. तरीही जलाशयाकाठी फोनवर जागा आरक्षित करणारी बहुतेक कुटुंबे जेवणात काय मिळेल आणि संगीत किती वाजेपर्यंत असेल, एवढेच विचारतात. नोंदणी आहे का, रात्री जागा राहणारा माणूस कोण, जीवरक्षक जाकिटे मुलांच्या मापाची आहेत का, स्वयंपाक तंबूंपासून किती अंतरावर होतो आणि गाडी थेट तंबूपर्यंत येते का, हे प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारायचे आहेत. उत्तर देताना जो आयोजक चिडतो किंवा टाळतो, त्याच्याकडे मुले घेऊन जाऊ नये.

उत्तन किंवा गोराईला मुक्काम असेल तर भाईंदर पश्चिमेचे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले टेंभा रुग्णालय, शहरात येताच गाठता येते. पवना, कर्जत किंवा भंडारदऱ्याला मात्र सर्वांत जवळच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाचे प्रतिविष व श्वासयंत्र आहे का, हे निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारावे लागते, कारण दरीत मोबाईलची रेंज जाते आणि ११२ चा फोन लागेलच याची हमी नसते. रेंज नेमकी कोणत्या वळणावर मिळते हे पोहोचल्याबरोबर उजेडात पाहून ठेवावे, एक मोटार तोंड रस्त्याकडे करून उभी करावी आणि तिची किल्ली कोठे आहे हे सर्व मोठ्या माणसांना ठाऊक असावे. मुक्कामाची जागा, गाडीचा क्रमांक, बरोबरच्यांची नावे आणि परतण्याची वेळ लिहिलेला कागद शेजाऱ्यांकडे द्यावा. ठरल्या वेळेनंतर किती तासांनी त्यांनी फोनाफोनी सुरू करायची, हेही त्यावर लिहावे. डोंगरात वाट चुकलेल्यांच्या शोधासाठी गिर्यारोहकांची महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही यंत्रणा काम करते, आणि शोध कोठून सुरू करायचा हे तिला शेजाऱ्यांच्या हातातील त्या कागदावरूनच कळू शकते.